पश्या, आधी पोरांची उंची मोज

प्रिय पश्या,

परवा तू फोनवर विचारलंस, पोरांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला कधी नि कसं जायचं, आणि नेमका माझा ऑफिसचा कॉल आला, मग "मेसेज करतो" म्हणून ठेवला तो राहूनच गेला. आता पोरं झोपलीयेत तर सगळंच लिहून टाकतो, लांबेल, चहा टाक.

तिकीट काढायच्या आधी दोन्ही पोरांना दाराच्या चौकटीला उभं करून उंची मोज. चपला काढून, आणि केसांचा फुगा दाबून. इमॅजिकात सगळा खेळ उंचीचा आहे, मुलांचं तिकीट वयावर नाही उंचीवर मिळतं आणि मोठ्या राईडच्या तोंडाशी मोजपट्टी असतेच. आम्ही काय केलं, महिनाभर आमच्या इराला नायट्रोचे व्हिडिओ दाखवले, तो मोठा रोलर कोस्टर रे, ज्यात पायाखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबकळतात. ती बया शाळेत सगळ्यांना सांगून आली. आणि तिथे रांगेत उभं राहून नंबर आला तेव्हा कळलं की दोन बोटं कमी. तिथला मुलगा बिचारा समजुतीनं सांगत होता, पण ही भोकाड पसरून बसली ती अर्धा तास. चूक शंभर टक्के आमची, वेबसाईटवर प्रत्येक राईडची उंची लिहिलेली असते, बघितली कोणी? तेव्हा तू यादी काढ, आणि जे जमणार नाही ते घरीच सांगून टाक, रडायचं तर घरी रडून घेतील.

तुझ्या छोटीसाठी भरपूर आहे, काळजी नको. मॅजिक करुसेल, टबी टेक्स ऑफ वगैरे. आम्ही तर करुसेलवर चार वेळा बसलो, मला आता त्या घोड्यांचे चेहरे पाठ आहेत. पण सलीमगढमध्ये तिला नेऊ नकोस, भुताचं आहे, रात्री तुमचीच झोप जाईल. मोठ्याला राजासॉरसवाल्या बोटीत बसव. गाडीत जाता जाता त्याला सांग की राजासॉरस म्हणजे उगाच फेकलेलं नाव नाही, खराखुरा भारतातला डायनासोर, गुजरातेत बालासिनोरजवळ त्याची हाडं सापडली आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी हे नाव ठेवलं. तुझा पोरगा डायनासोरवेडा आहे, खूष होईल. भिजणार मात्र नक्की, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल.

आणि हो, नायट्रो तुला नि वहिनींना करायचाच असेल तर आल्या आल्या उरका. एकाने पोरं सांभाळायची, दुसऱ्याने बसायचं, मग अदलाबदल. बहुतेक लोक गेटमधून आत आले की पहिली दिसेल ती राईड पकडतात, तू तसं करू नको, सरळ लांबच्या टोकाला चालत जा आणि उलटं ये.

कधी जायचं? मेमध्ये अजिबात नाही. खोपोली म्हणजे घाटाखाली, आपल्या पुण्याची कोरडी हवा तिथे नाही, घामाने शर्ट पिळून काढावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत वीकडेला शाळांच्या सहली उतरतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरातला एखादा मधला वार बघ, एक दिवस शाळा बुडाली तर काही आकाश कोसळत नाही (हे काकूंना सांगू नको). शनिवार-रविवारच जमणार असेल तर रविवार घे. शनिवारी सकाळी मुंबईची सगळी जनता लोणावळ्याला घाट चढते, रविवारी संध्याकाळी उतरते, म्हणजे रविवारचा जॅम समोरच्या लेनला, आपण आरामात वर येतो. पावसाळ्यात तिकडे धो धो कोसळतो, मग उघड्यावरच्या राईड मध्येच थांबतात, पैसे देऊन भजी खात बसायची तयारी असेल तर जा.

कोथरूडहून साडेसहाला निघ. घाटात आमचा ओजस ओकला, नव्या सीटवर, दूध पिऊन निघाला होता ना. म्हणून सकाळी दूध नको, कोरडी बिस्किटं आणि आवळा सुपारी, आणि पिशव्या हाताशी ठेव, डिकीत नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या गाडीतच ठेव, परत येताना पोरं त्यावर तुटून पडतात. आतलं खाणं महाग आहे, कुरकुर करू नको, बजेटमध्ये धरूनच चल. फक्त जेवण साडेअकरालाच उरक. एक वाजता अख्खा महाराष्ट्र जेवायला बसतो आणि तेव्हाच राईडच्या रांगा जरा विरळ होतात.

दुपारी तीनच्या सुमाराला छोटी कोसळणार, गृहीत धर. तेव्हा एसीतलं काहीतरी बघ, आय फॉर इंडिया मोठ्याला दाखव, मोठ्या पडद्यासमोर पाय लोंबकळत बसायचं आणि वरून देश बघत फिरायचं, तोवर वहिनी छोटीला मांडीवर झोपवतील. आम्ही "पैसे वसूल" म्हणत इरा-ओजसला फरफटत नेलं आणि पाचला दोघंही एकाच वेळी जमिनीवर लोळले. त्या दिवशी मी ठरवलं, आठ-दहा राईड झाल्या की पैसे वसूल.

वॉटर पार्क आणि स्नो पार्कचं तिकीट वेगळं असतं, त्याच दिवशी त्यात शिरू नका. काकू म्हणतील, त्याच रस्त्याला पुढे पालीचा बल्लाळेश्वर आहे, खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, दोन अष्टविनायक होतील. होतील, पण मग मुक्काम कर. एका दिवसात देव आणि रोलर कोस्टर दोन्ही केलेस तर दोन्हीकडे घाईच होईल.

दोन्ही पोरांच्या हातावर बॉलपेनने तुझा नंबर लिही, स्टिकर घामाने निघतो. एक कपड्यांचा जोड जास्तीचा, टॉवेल, आणि तुझ्या चष्म्याला दोरी. ती निळी सॅक माझ्याकडेच आहे अजून, मागच्या वर्षी सिंहगडाला नेलेली. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर घरी ये आणि घेऊन जा, येताना माझा ड्रिलही आण, दोन महिने झाले.

तुझा,
बाळ्या