सुनावणीले तू ये

दोस्ता,

फोनवर धड बोलनं झालं नाही म्हनून लिहून रायलो. तुया पुतन्याले बडनेरा स्टेशनवर पोलिसायनं एकटा पायला, तो तुयाकडंच पुन्याले निघाला होता बाप्पा. 24 तासाच्या आत त्याले बाल कल्याण समितीपुढं नेलं, असं लेकरू कोनापाशी ठेवाचं हे तेच ठरवते, आता बालगृहात हाय. जेवते-झोपते, पन कोनाशी बोलत नाही.

तुया बुढीले, म्हंजे पोराच्या आजीले, वाटते सरकारनं पोट्टं नेलं म्हंजे संपलं. तसं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यातच हाय का लेकराची पयली जबाबदारी घरच्यायची अन् संस्था हा शेवटचा उपाय. पन घरचे समोरच आले नाही त समितीनं कोनाच्या भरवशावर पाठवावं? 15 दिवसात चौकशी पुरी कराची असते, चौकशीवाली बाई घर पायनार, शेजाऱ्यायले विचारनार, शाळेत जानार, अन् पक्का आदेश 4 महिन्यात व्हाले पायजे. ती बाई येईन त्या दिवशी बुढी एकटी असली अन् घाबरून "मले काई नाही समजत" म्हनली, त रिपोर्टात तेच लिवल्या जाईन.

गावातले म्हनतात बुढीचं वय झालं, दोन एकर कोरडवाहूत काय पोसनार. याचाच मले लय राग येते. कोरोनात मायबाप गेलेल्या त्या अहमदाबादच्या पोराचा ताबा हायकोर्टानं मावशीले देला होता, तिले नोकरी होती अन् आजी-आजोबा म्हातारे, पेन्शनवरचे. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला अन् पोरगं आजी-आजोबालेच देलं, नुसत्या वयावरून अन् कमाईवरून त्यायले नाकारलं नाही. आपल्या बुढीनं त त्याले मांडीवर वाढवलं हाय!

पैशाचं म्हनशीन त लेकरू घरीच सांभाळाले सरकारची बालसंगोपन योजना हाय, ते मंजूर झाली का महिन्याले 2250 रुपये भेटतात, फारम मी भरतो. बुढीले वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट भेटते. आदेश उलटा गेलाच त 30 दिवसात अपील करता येते.

पन पोराचं काय? सुनावणीत समितीले त्याचं बी ऐका लागते, अन् तो तुयंच नाव घेईन. भाऊ गेल्यापासून तो तुयात बाप पायते, हे तुले बी मालूम हाय. काऊन पळाला म्हनून त्याच्यावर ओरडू नको, जवळ घे अन् मंग विचार.

आठ दिवसाची सुट्टी टाक. भावाचा मृत्यूचा दाखला अन् पोराचा जन्मदाखला तुयाच जवळ हाय म्हने बुढी, ते अन् तुयं आधार घेऊन ये. तिकीट काढलं का सांग, मी गाडी घेऊन बडनेऱ्याले येतो, बुढीले बी सोबत आनतो.

तुया दोस्त