वहिनींच्या कॅप्सुलांविषयी

कट्टा, ता. मालवण
१९ मे

प्रिय दत्ता,

बाटलीचा फोटो परवाच मिळाला. उत्तर लांबलं, कारण घरात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आलेत. ओटीभर पसारा. बिया एकीकडे, साली एकीकडे. साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, वाळल्या की पुन्हा बुडवायच्या. आज तिसरं पुट. माझी बोटं लालभडक झालीत, तेव्हा कागदावरचे डाग बघून घाबरू नकोस. आईचं मागून चालूच आहे, "मेल्या, इतक्या काय लिवतंस?"

तर बाटली. हळद-मिऱ्याच्या या कॅप्सुला कर्करोगाच्या मूळपेशी मारतात, आणि मिऱ्यामुळे हळद वीसपट अंगी लागते, असं तिच्यावर छापलंय. ते सगळंच खोटं नाही, हीच पंचाईत आहे. खोटं असतं तर दोन ओळींत भागलं असतं.

मूळपेशींची, म्हणजे मागे राहून गाठ पुन्हा उगवणाऱ्या पेशींची, गोष्ट खरी. आमच्या परसातली हळद आठव. थंडीत पानं पिवळी पडून आडवी होतात, वर काही राहत नाही, आणि मिरगाचा पाऊस पडला की त्याच जागी कोंब. काढताना राहून गेलेला बोटाएवढा कंद पुरतो. कर्करोगातही अशा मोजक्या पेशी असतात, हे १९९४ साली टोरोंटोत जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या कर्करोगात दाखवलं, आणि २००३ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी स्तनाच्या. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडते. या मात्र बऱ्याचदा सुस्त पडून असतात, आणि आत आलेलं औषध बाहेर फेकायचे पंपही त्यांच्यापाशी असतात.

पुढे २०१० मध्ये मिशिगनमध्येच हळदीतलं कर्क्युमिन आणि मिऱ्यातलं पिपेरिन काचेच्या बशीत स्तनाच्या पेशींवर घालून पाहिलं, तर मूळपेशींची स्वतःसारख्या नव्या पेशी काढायची ताकद घटली. त्याच वर्षी ब्रोकोलीतल्या सल्फोराफेनने उंदरांच्या गाठींतल्या अशा पेशी कमी झाल्या. रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल असतं, त्यावरही प्रयोगशाळांत काम झालंय. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग सोलांचो भाव वाढव.

पण बशी ती बशी. हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास, आणि त्यातलंही रक्तात जेमतेम पोचतं. बंगळुरूत १९९८ साली लोकांना २ ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं, तर रक्तात ते जवळजवळ सापडेना. सोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर वीसपट चढलं. तुझ्या बाटलीवरचा 'वीसपट' तो हाच. २ ग्रॅम म्हणजे हळद किती झाली? साठ-पासष्ट ग्रॅम. आमच्या घरी महिन्याला तेवढी संपत असेल. आणि जेवणातल्या अशा कुठल्या पदार्थाने माणसात आजार परत यायचा थांबला, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

आता नीट वाच. पिपेरिन कर्क्युमिन चढवतं, कारण ते शरीराची औषधं मोडायची यंत्रणा अडवतं. ती यंत्रणा फक्त हळदीसाठी नसते. वहिनींची स्तनाच्या कर्करोगावरची टॅमोक्सिफेनची गोळी यकृतात जाऊन एंडॉक्सिफेन बनते, आणि खरं काम ते करतं. रॉटरडॅममध्ये २०१९ साली टॅमोक्सिफेन घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन आणि पिपेरिन दिलं, तेव्हा एंडॉक्सिफेन सरासरी १२ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे मूळपेशी मारायला आणलेली बाटली चालू औषधाचाच पाय ओढते. शिवाय हळदीच्या अशा जड कॅप्सुलांनी काहींच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. बाटली कपाटात ठेव, आणि पुढच्या तपासणीला ती घेऊनच जा.

"औषधं झाडांतूनच येतात ना?" असं तू विचारलंस. येतात की. वहिनींना सलाइनमधून दिलेलं पॅक्लिटॅक्सेल मुळात यू झाडाच्या सालीतलं. पण ते वजन-उंची बघून मोजून दिलं, त्यांना साल उकळून पाजली नाही.

शहाणपणा शिकवतोय असं वाटेल म्हणून सांगतो. आप्पांच्या आजारपणात मी स्वतः रोज तुपात चमचाभर हळद भरवायचो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी विचारलं, घरचं काही चालू आहे? मी मान हलवली, नाही. तीस वर्षं बॉटनी शिकवलेला माणूस! हसतील म्हणून बोललो नाही. काही बिघडलं नाही, पण ती मान हलवलेली अजून आठवते.

स्वयंपाकातली हळद बिनधास्त असू दे. कोबीही. फक्त उकडून लगदा करू नका. सल्फोराफेन कोबीवर्गातल्या भाजीत तयार नसतं, चिरल्यावर-चावल्यावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते बनवतं, आणि उकळीत ते विकर मरतं. मोहरीतही तेच विकर असतं. आई रायत्याला मोहरी फेसते तेव्हा नाकात झणका जातो बघ, ती त्याचीच करामत. फोडणीत तडतडलेल्या मोहरीला तो झणका नसतो. कच्च्या कोबीच्या कोशिंबिरीला फेसलेली मोहरी लावा. औषध म्हणून नको, छान लागते म्हणून. वहिनींना तोंडाला चव नाही म्हणालास ना?

उद्याच्या एसटीने शेजारचा मुलगा ठाण्याला येतोय, त्याच्याबरोबर आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली आणि गेल्या वर्षीची सोलं पाठवतो. आगळात मीठ सढळ आहे, सोलकढीत वेगळं घालू नका. झाकण मेणाने बंद केलंय, तरी बाटली आडवी ठेवू नकोस. मागच्या खेपेला तुझी गादी रंगली होती.

तुझा,
बाबल्या

ता. क. वहिनींनी बाटली स्वतःच मागवली असेल तर माझं नाव पुढे करून रागावू नकोस. मला फोन करायला सांग.