यान हॉर्न यांस: एका छोट्या पॅचबद्दल आभार

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव बहुतेकांना स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटींमुळे ठाऊक आहे. मला आभार मानायचेत ते जानेवारी २०२२ मधल्या एका छोट्या पॅचबद्दल, म्हणजे लिनक्सच्या कोडमधल्या दुरुस्तीबद्दल. पत्र मराठीत आहे, कारण हा पॅच ज्या मुलांनी वाचावा असं मला वाटतं ती मराठीत विचार करतात.

हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनचं पोर्ट नसतं. मग यूएसबीला लावायचं अडॅप्टर घ्यावं लागतं. त्यातल्या कित्येकांत एएक्स८८१७९ ही चिप असते. आमच्या लॅबमध्येही तीच आहे. तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा कोड, लिनक्समध्ये २०१३ पासून आहे. ही चिप अनेक पॅकेट्स एकाच बफरमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका ठरावीक तुकड्यात, भरून पाठवते आणि शेवटच्या चार बाइट्समध्ये सांगते: पॅकेट्स किती, आणि त्यांच्या लांबीची यादी कुठून सुरू होते. ड्रायव्हर या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. गोण्या न मोजता चिठ्ठीवरचा आकडा वहीत चढवावा, तसं. आकडा खोटा असला की वाचन थेट बफरच्या बाहेर.

'इथे तपासणी नाही' एवढं लिहून तुम्ही दुरुस्ती पाठवली असती, तरी ती स्वीकारली गेली असती. तुम्ही मात्र हल्ला स्वतः करून पाहिलात. उपकरणाने एक बनावट आयसीएमपीव्ही६ इको रिक्वेस्ट, म्हणजे साधा पिंग, आत सोडायचा. लांबी खोटी, त्यामुळे हीपमधला (कर्नलच्या मेमरीतला) भलताच डेटा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या पॅकेटचाच भाग समजतो आणि पिंगच्या उत्तरात उपकरणाच्या हाती देतो. नेटवर्क स्टॅक, म्हणजे कर्नलमधला पॅकेट्स हाताळणारा भाग, यात काहीच चुकत नाही, नेहमीचंच काम करतो. मुलांना हे कळतं तेव्हा वर्गात खरी चर्चा सुरू होते.

बफरबाहेर लिहिणंही बहुधा जमेल, पण ते तपासलेलं नाही, हेही तुम्ही नोंदवलंत. किती कळलं आणि कुठे थांबलो, हे इतकं स्वच्छ सांगणारे फार थोडे भेटतात. त्याबद्दल विशेष आभार.

दुरुस्तीतली मला सगळ्यात आवडलेली ओळ यादी कापून टाकणारी. यादी बफरच्या आत बसते ना, हे आधी पाहायचं आणि मग बफर तिच्या अलीकडेच संपवायचा. एखादं पॅकेट यादीवरच चढलं तर काय होईल, हा विचार सहज सुचणारा नाही. आधीचं पॅकेट क्लोन होऊन वर नेटवर्क स्टॅककडे गेलेलं असतं, मेमरी मात्र तीच; मागाहून ड्रायव्हरने यादीतल्या बाइट्सचा क्रम उलटवला (बिग-एंडियन, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या, मशीन्सवर तो उलटवावा लागतो) की वर गेलेला डेटाही बिघडतो. असं का, हे तुम्ही लिहून ठेवलंत म्हणून मला ते शिकवता येतं.

उपकरण दुष्टच असेल असं नाही, नुसतं बिघडलेलंही असू शकतं, हेही तुमच्या नोंदीत आहे. आमच्या लॅबमधली स्वस्त अडॅप्टर्स पाहता मला तर तेच जास्त जवळचं वाटतं.

ही दुरुस्ती जुन्या स्थिर कर्नलपर्यंत पोचवणाऱ्यांचेही मनापासून आभार. आमच्या लॅबमधल्या मशीन्सवर जुनेच कर्नल आहेत.

आपला,
पुण्यातील एक संगणक शिक्षक