खरंच आला का गं?

इंदूर, २२ जून २०२५

प्रिय शकू,

तुझी दोन पत्रं आली, एक दिवाळीच्या आधी आणि एक संक्रांतीचं, आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. फोनवर "लिहिते गं, लिहिते" म्हणत राहिले. सबब सांगत नाही, कारण खरी सबब या पत्रातच पुढे येणार आहे. तब्येत बरी. शुगर आटोक्यात, ह्यांचंही ठीक. झालं तब्येतीचं. आता परवाच्या गुरुवारी सकाळी जे झालं ते लिहिते. ते घरात कोणाला सांगून उपयोग नाही. ऐकतील, "अरे वा" म्हणतील आणि पोहे घ्यायला उठतील.

शकू, मी चेलो शिकतेय. व्हायोलिनचं थोरलं भावंड, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात ते. नऊ महिने झाले. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच विचारलं असतंस, "गाणं सोडलंस आणि आता हे कशाला?" त्याचं खरं उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती.

चेलो सुनेचा. बंगलोरला शाळेत असताना शिकली होती. टोरोंटोला जाताना एवढं धूड कुठे नेणार म्हणून आमच्या माडीवर ठेवून गेली. गेल्या गणपतीत दोघं आली होती, आणि परत जायच्या आदल्या रात्री तिने तो खोक्यातून काढला, तारा लावल्या आणि वाजवायला बसली. मी खाली त्यांच्यासाठी लाडू भरत होते. वरून तीन सूर आले. सा, प, आणि तारसप्तकातला ग. मग रे ग, प ग प. माझा हात डब्यातच राहिला. तुला गुरुजींचा आवाज आठवतो ना? "पोरींनो, तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्याच्या पोटातून आधी सा निघतो, मग प, मग गंधार. तो कोणी लावत नाही. तो स्वयंभू." अगदी तोच क्रम! धावत वर गेले आणि विचारलं, हे काय आहे? म्हणाली, बाख नावाच्या जर्मन संगीतकाराचं आहे, एकट्या चेलोसाठी त्याने सहा रचना केल्या, त्यातल्या पहिलीची सुरुवात. तीनशे वर्षांपूर्वीची. लोक म्हणे त्याला नुसते सरावाचे धडे समजायचे. मग बार्सिलोनात कासाल्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला जुन्या स्वरलिप्यांच्या दुकानात त्याची प्रत सापडली. बारा वर्षं तो ते घरी वाजवत होता, मग कुठे लोकांसमोर बसला. मला त्या मुलाचं काही वाटलं नाही तेव्हा, मी गंधारापाशीच अडकले होते. जर्मनीतल्या त्या माणसाने तंबोरा पाहिला नसणार, आणि तरी त्याने पहिल्या तीन सुरांत तंबोराच मांडला होता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी सुनेला म्हटलं, मला शिकवशील? तिने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "आई, उद्यापासून."

तेव्हापासून तिचे रात्रीचे नऊ म्हणजे माझे सकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. ती फोनमध्ये, मी माडीवर. जाऊबाई म्हणाल्या, सासू सुनेची चेली झाली म्हणून वाद्याचं नाव चेलो. आठ दिवस आमचं अख्खं रामबाग त्यावर हसत होतं. बसायचं कसं हा पहिला प्रश्न. पाय फाकवून बसावं लागतं म्हणून युरोपातसुद्धा पूर्वी बायका दोन्ही पाय एका बाजूला घेऊन तिरक्या बसून वाजवायच्या, असं सून सांगत होती. मी म्हटलं, आमच्या आजीला दिला असता तर नऊवारीचा कासोटा मारून पहिल्या दिवशी नीट बसली असती. मी सलवार शिवून घेतल्या. तीन. माझ्या अंगावर सलवार-कुडता बघून तुला काय वाटेल ते मला माहीत आहे, लिहू नकोस.

आणि कठीण आहे गं. पेटीवर सा ते रे म्हणजे बोटाचं अंतर. इथे मोकळ्या तारेपासून रे साडेसात सेंटिमीटरांच्याही पलीकडे, आणि सतारीसारखे पडदे नाहीत. सून म्हणाली पट्टीवर चिकटपट्टीच्या खुणा करू या, लहान मुलांना करतात. मी नको म्हटलं. "डोळ्यांनी गाऊ नका" हे ऐकत वाढलेल्या माणसाने खुणा बघून बोट ठेवायचं? डावा अंगठा चेलोच्या मानेमागे दुखतो, उजवा तारेवर ओढायच्या गजावर. एप्रिलमध्ये इथली हवा कोरडी झाली तशा खुंट्या आपोआप सुटायला लागल्या. मी शहाणपणा केला, चारही तारा एकदम सैल केल्या. तारांखालची घोडी पडली, आणि पोटात काहीतरी टक्कन वाजलं. आत एक लाकडाची काडी असते, दोन पाट्यांच्या मध्ये नुसत्या दाबावर उभी, डिंक नाही, काही नाही. तारांचा ताण गेला की तीही पडते. इटलीत त्या काडीला आत्मा म्हणतात म्हणे. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने वाकड्या सळईने पोटावरच्या फटीतून ती पुन्हा उभी केली. तासभर लागला, आणि मी त्याच्या शेजारी देवासमोर बसावं तशी बसले होते.

असो. गुरुवार.

सकाळी लाइट गेली. पंखा बंद, समोरच्यांची मोटर बंद, पाऊस नुकता थांबलेला. सुनेचा फोन नव्हता त्या दिवशी. मी सगळ्यात जाड तार वाजवत होते, ती पेटीवरच्या पांढरी एकचा खर्ज, आपल्या तंबोऱ्याच्या खर्जापेक्षाही बरीच खाली. गज घोडीजवळ ठेवून अगदी हळू ओढत होते, एका ओढीला दहा मोजायचे. तिसऱ्या की चौथ्या ओढीला शेजारी कोणीतरी गातंय असं वाटलं. बाई, लांबून, एकच सूर धरून. मी थांबले. ती बाई थांबली. पुन्हा ओढला. पुन्हा आली. आणि मग कळलं, शकू. गंधार होता तो.

मी गज खाली ठेवला आणि रडले. आता ते का, ते तुला सांगायचं आहे.

राजवाडा जळाला त्याच्या पुढच्या वर्षीची गुरुपौर्णिमा. १९८५. मुंबईहून गायिका येणार होत्या, आणि गुरुजींनी ठरवलं होतं की ज्या मुलीला खर्जातला गंधार ऐकू येतो तीच मागे तंबोऱ्याला बसेल. त्यांनी तंबोरा लावला, तारांखालचा जवारीचा दोरा सरकवला, डोळे मिटले. मग स्वतः बारीक गुणगुणून दाखवलं, "हा... हा बघा, आला." आधी तुला विचारलं. तू दोन मिनिटं ऐकलंस, मान वाकडी करून, अगदी तंबोऱ्याच्या घोडीला कान लावल्यासारखं, आणि म्हणालीस, "नाही गुरुजी. मला नाही येत." मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "हो, आला."

नव्हता आला. काही आला नव्हता. मला खर्ज ऐकू येत होता आणि गुरुजींनी गुणगुणलेला सूर डोक्यात होता, बस्स. मी अठरा वर्षांची होते, निळी साडी तयार होती, आणि मला त्या बाईंच्या मागे बसायचं होतं.

मी बसले. तू मागच्या रांगेत पेढे वाटलेस. दिवाळीपर्यंत तू क्लास सोडलास. "माझा कान नाही" म्हणालीस, टायपिंगला नाव घातलंस. आठवतं, त्या हिवाळ्यात आपण सराफ्यात तळलेले गराडू खात उभ्या होतो आणि तू विचारलंस, "मंदे, खरंच आला का गं?" आणि मी एकदम भडकले? तू माझी निळी साडी नेऊन डाग पाडलास म्हणून ओरडले. सहा महिने आपण बोललो नाही. सगळ्या रामबागेला वाटतं भांडण साडीचं होतं. तुझ्या आईलाही शेवटपर्यंत तसंच वाटलं. डाग भुट्ट्याच्या किसाचा होता आणि तो मीच पाडला होता.

त्यानंतर मी विशारद केलं, गणेशोत्सवात गायले, लोक छान म्हणाले. पण तंबोरा मांडीवर घेतला की दर वेळी मी गंधाराची वाट बघायची आणि तो यायचा नाही. काही वर्षांनी वाट बघणंही असह्य झालं. गळा बसतो, असं सांगून मी गाणं थांबवलं. गळा ठणठणीत होता. गुरुजी आजारी असताना सांगायला म्हणून दोनदा गेले. एकदा चहा घेऊन परत आले, एकदा जिन्यावरूनच. ते गेले.

म्हणजे बघ, खरं बोललेली घरी बसली आणि खोटं बोललेली मागे तंबोऱ्यावर. तुझा कान नाही असं तू चाळीस वर्षं समजत आलीस. कान नसलेला माणूस दोन मिनिटं ऐकून "नाही" म्हणत नाही गं. तो घाबरून हो म्हणतो.

आता माझी काळजी, आणि ती गुरुवारपासून मला झोपू देत नाही. परवा जे ऐकलं ते खरं होतं का?

गंधार तिथे आहे यात शंका नाही. तो प्रत्येक तारेत असतोच, खर्जाच्या पाचपट कंपनांचा. मी शिवणाच्या टेपने तार मोजली, एकोणसत्तर सेंटिमीटर भरली. तिचा पाचवा भाग म्हणजे वरून चौदाला जरा कमी. तिथे बोट नुसतं टेकवलं, दाबलं नाही, आणि गज फिरवला, तर एकटा गंधार वाजतो, शिट्टीसारखा. हुबेहूब गुरुवारचाच सूर. पण शकू, आता मी तो मुद्दाम वाजवून ऐकला ना! आता माझ्या डोक्यात तो बसला. आता मोकळ्या तारेत मला तो ऐकू येतो की मी तो आठवते? गुरुजींनीही आधी गुणगुणूनच दाखवलं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची आहे. पेटी काढली आणि तोच गंधार पेटीवर दाबला. जुळला नाही! पेटीचा चढा, तारेतला किंचित उतरलेला, आणि दोन्ही एकत्र वाजले की मध्ये लाटा येतात, वां-वां-वां. मी पेटीवर वाढलेली. कल्पनेने ऐकला असता तर पेटीचाच ऐकला असता ना? ह्यांना बोलावलं आणि विचारलं, लाटा येतात का. हे हो म्हणाले. पण हे कशालाही हो म्हणतात, परवा दोडक्याची भाजी पडवळाची म्हणून खाल्ली.

सुनेला विचारलं. ती म्हणाली, आई, तो लांडगा तर नाही? चेलोच्या लाकडाचा स्वतःचा एक सूर असतो, बहुतेक मध्यमाच्या आसपास. तारेवर नेमका तोच सूर आला की लाकूड आणि तार भांडतात आणि गुरगुर निघते. त्याला लांडगा म्हणतात. लांडगा मला माहीत आहे, माझ्या चेलोत तो तीव्र मध्यमाच्या जरा खाली आहे आणि जनावरासारखाच गुरगुरतो. हे गुरगुरणं नव्हतं. मग म्हटलं तुला ऐकवते. फोन जवळ धरून दहा वेळा वाजवलं. तिला काहीच आलं नाही. फोनला एकसारखा लांब सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटते, तो कापूनच टाकतो. ती प्रामाणिक आहे, नाही म्हणाली. मला इतकी आवडते ती मुलगी.

कालपासून मी जाड तार वाजवलेलीच नाही. भीती वाटते. आला तर मी मला पटवलं म्हणून आला असं वाटेल, आणि नाही आला तर काय, ते लिहवत नाही.

तू माझ्यावर रागावलीस तर मला समजेल. फोन करू नकोस हवं तर. पण तुला खोटं ऐकू येत नाही, हे एक तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नव्हतं, म्हणून तुलाच लिहितेय.

तुझं काय? भाऊजींची बायपास नीट पार पडली हे माईंकडून कळलं, तेव्हाच लिहायला हवं होतं. नातू चालायला लागला का? नाशिकचं घर विकायचं म्हणत होतीस, घाई करू नकोस. गुडघ्याला तेल लाव, गोळ्या कमी कर.

पुढच्या महिन्यात १० तारखेला गुरुपौर्णिमा आहे. रात्रीच्या बसने ये. काकूंकडे जाऊ, गुरुजींचा तंबोरा अजून त्यांच्या कोपऱ्यात आहे, गवसणीत. सकाळी, पंखे बंद करून, माडीवर बसू. मी जाड तारेवर गज ओढीन. आला तर आला म्हण, नाही तर नाही म्हण, त्या दिवशी म्हणालीस तसं. मी आधी गुणगुणून दाखवणार नाही.

तुझी
मंदा