चिऊ, राजीनामा टाकायच्या आधी हे वाच

चिऊ,

काल फोनवर तू गुरुग्रामच्या त्या नव्या ॲम्ब्युलन्स कंपनीत पॅरामेडिक म्हणून जायचं सांगत होतीस आणि मी नुसती हं हं करत होते म्हणून तुला वाटलं असेल आईला पटलेलं नाही. तसं काही नाहीये गं. बाबांनी टीव्हीचा आवाज मोठा करून ठेवलेला, निम्मं मला ऐकूच आलं नाही, आणि फोनवर बोललेलं नंतर माझ्या लक्षातही राहत नाही, म्हणून आज दुपारी बसून टाइप करतेय. लांबलचक होणार आहे. ड्युटीवर असशील तर आत्ता उघडू नकोस, रूमवर जाऊन जेवून वाच.

जायचं की नाही यात माझी परवानगी बिरवानगी आणू नकोस. आत्याचा फोन येऊन गेला, मुलगी एकटी दिल्लीच्या बाजूला कशी पाठवता वगैरे. तिला म्हटलं, ताई, आमची पोरगी रात्री तीनला धारावीच्या गल्लीत स्ट्रेचर घेऊन शिरते, तिला गुरुग्रामची काय भीती घालताय. विषय तिथेच संपला.

तुझं इथे काय अडतंय ते मला कळतं. आपल्या सरकारी १०८ ॲम्ब्युलन्समध्ये २०१४ पासून गाडीवर डॉक्टर असतो, बहुतेक बीएएमएसवाले, म्हणजे आयुर्वेदाचे. ९३७ गाड्या घेऊन सुरू केलं होतं, २३३ ॲडव्हान्स, म्हणजे व्हेंटिलेटर-मॉनिटरवाल्या, आणि बाकी बेसिक. खेडोपाडी त्याचा लोकांना उपयोग झाला, ते नाकारत नाही, पण ज्यांनी खास ॲम्ब्युलन्सचंच शिक्षण घेतलं त्या तुमच्यासारख्या पॅरामेडिक पोरांना तिथे फारशी जागा उरली नाही. मग राहतं काय, तर खासगी हॉस्पिटलची गाडी. डिस्चार्ज झालेले आजोबा घरी सोडा, एखाद्याला एमआरआयला न्या आणि परत आणा. पगार मिळतो पण हात सुटतो. कॅज्युअल्टीत आम्ही नर्स हे बघायचो, चांगली तयार सिस्टर वर्षभर ओपीडीत बसून परत आली की पहिले काही दिवस सुईसाठी शीर शोधताना चाचपडायची. तुझं तसं व्हायला नको हे मलाही वाटतं. त्यामुळे बाहेर पडायचा विचार बरोबरच आहे. मला बोलायचंय ते ज्या कंपनीत जायचंय तिच्याबद्दल.

नवी सर्विस म्हटली की सगळं चकाचक दाखवतात. गाडी नवी, युनिफॉर्म नवा, ॲपवर गाडी कुठे आहे ते दिसतं. मी नव्याला नाव ठेवत नाही. मुंबईत २००५ मध्ये १२९८ नंबरची ॲम्ब्युलन्स सुरू झाली तेव्हा तीही नवीनच होती, आणि तिचा हिशोब मला आवडायचा, खासगी हॉस्पिटलला जाणाऱ्याकडून जास्त पैसे, सरकारीला जाणाऱ्याकडून कमी, ॲक्सिडेंटवाल्याकडून काहीच नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हैदराबादला १०८ निघाली, सत्यम कंपनीच्या राजूंनी काढलेली. पुढे जानेवारी २००९ मध्ये त्यांनी स्वतःच हिशोबातला घोटाळा कबूल केला, जेलमध्ये गेले, आणि गाड्यांचा कारभार जीव्हीके ग्रुपकडे गेला. गाड्या बंद नाही पडल्या कारण तोपर्यंत खर्चाचा मोठा भाग सरकार देत होतं. मालक बुडाला तरी सर्विस चालू राहिली ती त्यामुळे. तुझ्या या कंपनीला पैसा कुठून येतो ते विचारलंस का? पेशंट देतो, सोसायट्या वर्गणी भरतात, की कोणी गुंतवणूकदार दोन वर्षं वाट बघून हात काढून घेणार? इंटरव्ह्यूत विचारायला लाज वाटायचं काही कारण नाही, पाच जणांच्या संसाराचा प्रश्न असल्यासारखं विचारायचं.

२०२५ च्या जानेवारीत त्या किराणा घरपोच देणाऱ्या ब्लिंकिटने गुरुग्रामला पाच ॲम्ब्युलन्स काढल्या, १० मिनिटांत पोचणार म्हणून, तेव्हा तूच मला बातमी पाठवली होतीस आणि मी अंगठा दाखवून सोडून दिलं होतं. तुझी कंपनी ती नाही पण ढाचा तोच दिसतोय, मिनिटांवर सगळं उभं. मिनिटं महत्त्वाचीच असतात, ते मी कॅज्युअल्टीत आयुष्य काढलेल्या बाईने तुला वेगळं सांगायला नको. पण मिनिटं कुठपर्यंतची धरतात ते बघ. गेटपर्यंतची का पेशंटपर्यंतची? तिकडे सगळे टॉवर. वॉचमन रजिस्टर काढणार, कुठल्या फ्लॅटला ते फोन करून विचारणार, लिफ्ट वर अडकलेली, आली तर स्ट्रेचर आडवं मावत नाही. आपल्या कन्नमवार नगरमध्ये निदान चार पोरं धावत येतात आणि खुर्चीत बसवून पेशंट खाली आणतात, तिकडे दार उघडणारं पण कोणी नसलं तर? आणि वेळ चुकली की कोणाच्या पगारातून कापतात तेही विचार, कारण ते वचन शेवटी ड्रायव्हरच्या पायात उतरतं आणि मागे तू उभी राहून सीपीआर देत असतेस, बेल्ट न लावता.

आता मुख्य मुद्दा, जो फोनवर राहिला. पेशंट कुठे न्यायचा हे तिथे कोण ठरवतं?

तुला एक केस सांगते, नावं गावं नाहीत. सकाळी नऊला चहा पिताना एका माणसाच्या हातातून कप पडला, तोंड वाकडं, उजवा हात गेला. घरच्यांनी कुठूनतरी नंबर काढून प्रायव्हेट गाडी बोलावली, गाडी लगेच आली, तक्रार करायला जागा नाही. पण ड्रायव्हरने नेलं त्याच्या नेहमीच्या नर्सिंग होमला. तिथे सीटी स्कॅनच नाही. त्यांनी सलाइन लावलं, बीपी बघितलं, डिपॉझिट घेतलं, दुपारी कोणीतरी म्हणालं याला मोठ्या हॉस्पिटलला हलवा. आमच्याकडे आला तेव्हा चार वाजून गेले होते. लकव्याला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं तर साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, तेही आधी सीटीत ब्लीड नाही हे बघून. त्याची बायको पुन्हा पुन्हा सांगत होती, सिस्टर बरोबर नऊलाच झालं, मी घड्याळ बघितलंय. तिला वाटत होतं वेळ लक्षात ठेवल्याचा काहीतरी उपयोग होईल. उपयोग नक्की झाला असता, गाडी पहिल्यांदाच सीटी असलेल्या ठिकाणी वळली असती तर. अशी केस मी एकच नाही, कितीतरी बघितल्या. त्यात गाडी उशिरा आली असं क्वचित असायचं, बहुतेक वेळा गाडी वेळेत येऊन चुकीच्या दारात गेलेली असायची.

म्हणून तू त्यांना हे विचारायचंस आणि उत्तर लेखी मागायचंस. हॉस्पिटलची यादी कोणी केली, डॉक्टरने का मार्केटिंगवाल्याने. त्यातल्या कुठल्या हॉस्पिटलशी टायअप आहे. तुला ईसीजीत हार्ट अटॅक दिसला आणि जवळचं टायअपवालं हॉस्पिटल सोडून तू कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, चालू असलेल्या दुसरीकडे नेलं, किंवा नातेवाइकांकडे पैसे नाहीत म्हणून सरकारीला नेलं, तर दुसऱ्या दिवशी तुला कोणी जाब विचारणार का. पेशंट कुठे पोचवला यावर क्रूला इन्सेंटिव्ह आहे का. एचआरची मुलगी गोड हसून सांगेल, मॅडम इट्स पेशंट्स चॉइस. ते उत्तर धरू नकोस. बेशुद्ध माणसाला कसली चॉइस. आणि शुद्धीत असला तरी घाबरलेला माणूस गाडीवाला नेईल तिकडे जातो, हे गाडीवाल्यांना चांगलं माहीत असतं.

त्यालाच जोडून, रात्री अडीचला पेशंट खालावतोय आणि तुला ठरवता येत नाहीये, तर फोन कोणाला? मेडिकल डायरेक्टर नावाला आहे का खरंच फोन उचलतो? ॲड्रिनलिन, ॲस्पिरिन, डेक्स्ट्रोज यातलं कुठलं औषध तू स्वतः द्यायचंस आणि कुठलं विचारून, ते कागदावर त्याच्या सहीने पाहिजे. तोंडी देऊन टाका म्हणणारे उद्या काही झालं की मी बोललोच नाही म्हणतात. २०२१ च्या ॲलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात तुमचा पॅरामेडिकचा उल्लेख आलाय, तिकडच्या राज्यात नोंदणी करावी लागेल का आणि ती कंपनी करून देणार का तुझी तू, तेही बघून घे.

बाकी गाडी ॲडव्हान्स म्हणतायत ती कागदावर टाइप डी, म्हणजे नियमातली खरी ॲडव्हान्स, आहे ना, का बेसिक गाडीत मॉनिटर ठेवून ॲडव्हान्सचं स्टिकर लावलंय. पगाराचा आकडा मोठा दिसतोय पण तो सीटीसी आहे, म्हणजे कंपनीला तुझ्यावर पडणारा एकूण खर्च, हातात किती ते वेगळं काढून घे. बाँड असेल तर मला न दाखवता सही करायची नाही, मग बाबा काही म्हणोत. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत पण टायटर, म्हणजे लस लागू पडली का ती रक्ततपासणी, केलं नाहीस, ते इथे असतानाच कर. एसीएलएसचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांच्या ट्रेनिंगचं, कार्ड दोन वर्षांचंच असतं, तुझं संपत आलं असेल, रिन्यूचा खर्च ते देतात का विचार.

आणि एक गोष्ट तू धरतच नाहीयेस. तुला इथे जे येतं त्यातलं अर्धं मुंबईचं आहे. सायनला जाम असेल तर कुठून काढायचं, राजावाडीला पावसात कुठल्या बाजूने पाणी भरतं, गणपतीत लालबाग परळ कधीपासून विसरून जायचं, झोपडपट्टीत कुठे स्ट्रेचर ठेवून चादरीत उचलायचं, कुठल्या कॅज्युअल्टीत आधी कोणत्या वॉर्डबॉय मामांना हाक मारली की ट्रॉली पटकन मिळते. आणि म्हातारी माणसं छातीत दुखत असताना काय सांगतात, तर गॅस झालाय, रात्री वांगं खाल्लं होतं. ते ऐकून तू आधी ईसीजी लावतेस. तिकडे गेल्यावर हे सगळं पहिल्यापासून. तू करशील, हुशार आहेस, पण पहिल्या दिवशीच तुला टीम लीडर करून गाडीवर पाठवत असतील तर ते कौतुक समजू नकोस, त्यांच्याकडे माणसं नाहीत असा त्याचा अर्थ. निदान पहिले पंधरा दिवस तिकडच्याच जुन्या ड्रायव्हरबरोबर आणि दुसऱ्या पॅरामेडिकबरोबर तिसरी म्हणून बस. ड्रायव्हरला भैया भैया करून लांब ठेवू नकोस, चहा पाज, रस्ते त्याला माहीत असतात.

माझं मत विचारलंस तर, वरच्या प्रश्नांना सरळ उत्तरं आली तर डोळे झाकून जा. टाळाटाळ झाली, विशेषतः हॉस्पिटलच्या यादीवरून, तर पगार दुप्पट असला तरी नको, दुसरं कुठलं बघू. हैदराबाद, बेंगळुरू, कुठेही, पॅरामेडिकलाच गाडी सोपवणाऱ्या सर्विस बाहेर आहेत. मुंबईच सोडायची तर गुरुग्रामचंच घोडं दामटायला नको.

राजीनामा मात्र आत्ताच टाकू नकोस. तुझी सुट्टी शिल्लक आहे ना, ती घेऊन जाऊन ये, रात्रीची एक शिफ्ट गाडीत बसू देतात का विचार. बसू दिलं तर निम्मी उत्तरं तिथेच मिळतील, नाही म्हणाले तर तेही उत्तरच. तिकीट राजधानीचं काढ, पैसे मी पाठवते, विमानाच्या भानगडीत पडू नकोस, तुला तिकडे थोडं चालून फिरून बघायचंय, एका दिवसात पळत परत यायचं नाहीये.

रविवारी घरी येशील तेव्हा ऑफर लेटर प्रिंट काढून आण, मोबाइलवर बारीक अक्षर मला दिसत नाही. बाबांना तोपर्यंत काही बोलू नकोस, त्यांना मी शनिवारी सांगते, आधी चिडतील मग गुरुग्रामचं हवामान बघत बसतील, तुला माहितीये. आणि येताना घाटकोपरला उतरून माझ्या बीपीच्या गोळ्या आण, इथल्या दुकानात संपल्यात.

आई