स्टेटमेंटवरचं अनोळखी हॉटेल

ठाणे (पश्चिम)
रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर ₹२१,८३० ची अनोळखी ओळ दिसली, ओटीपीही आला नव्हता, म्हणून कुणीतरी कार्ड चोरून वापरलं असं तुला वाटतंय. तू पाठवलेली स्टेटमेंटची दोन्ही पानं नीट पाहिली. कार्ड कायमचं ब्लॉक करायची घाई करू नकोस. ॲपमध्ये तात्पुरतं लॉक असतं, ते आत्ताच्या आत्ता लाव. ते केव्हाही उघडता येतं. कायमचं ब्लॉक केलं की कार्डाचा नंबरच बदलतो, आणि जुन्या नंबराला जोडलेली वीजबिलं, विम्याचे हप्ते पुन्हा एकेक करून जोडत बसावं लागतं. तेव्हा लॉक लाव आणि अर्धा तास शोधाशोध कर. अर्धाच तास, कारण यात घड्याळ चालू असतं. ते पुढे सांगतो.

मूळ घोळ असा, की त्या ओळीत तू हॉटेलचं नाव शोधतोयस आणि बँक छापते ते पैसे घेणाऱ्याचं नाव. ऑनलाइन बुकिंगचे दोन प्रकार आहेत. एकात साइट नुसती गाठ घालून देते, पैसे हॉटेल घेतं. दुसऱ्यात पैसे साइट घेते आणि हॉटेलला मागाहून पोचवते. मग खोली बँकॉकला आणि ओळीच्या शेवटी गाव सिंगापूर, असं होतं. कारण अगोडा या बुकिंग साइटची कंपनी सिंगापूरची, बुकिंग डॉट कॉमची ॲम्स्टरडॅमची. हॉटेलनं स्वतः पैसे घेतले तरी पाटीवरचं नाव येईलच असं नाही. पाटीवर 'सागर दर्शन' असतं आणि कंपनी नोंदलेली असते मालकाच्या आजोबांच्या नावानं. ओयोचंच बघ, कंपनीची नोंद वर्षानुवर्षं 'ओरॅव्हल स्टेज' (Oravel Stays) अशी होती. त्यात नावाला जागा जेमतेम २५ अक्षरांची, म्हणून ते मध्येच तुटतं. मध्ये तारा (*) असेल तर आधीचा भाग मध्यस्थाचा आणि नंतरचा हॉटेलचा किंवा बुकिंग नंबरचा. एअरबीएनबीच्या ओळीत ताऱ्यानंतर 'एचएम'नं सुरू होणारा कोड दिसला तर तोच कन्फर्मेशनच्या मेलमध्ये सापडतो.

देशातल्या हॉटेलचं कागदी बिल हाताशी असेल तर आणखी सोपं. त्यावरचा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर घे; पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो नंबर टाकता येतो, आणि कंपनीचं कायदेशीर नाव व दुकानाचं नाव शेजारी-शेजारी दिसतात. स्टेटमेंटवरचं नाव बहुतेकदा त्यातलंच एक निघतं.

आता तुझी ₹२१,८३० ची ओळ. वहिनींनी दिवाळीसाठी बँकॉकचं बुकिंग करून ठेवलंय असं तूच म्हणाला होतास. ते 'आता बुक करा, पैसे नंतर द्या' या प्रकारातलं असणार अशी माझी जवळजवळ खात्री आहे. यात बुकिंगच्या दिवशी कार्डावर काहीच पडत नाही. फुकटात रद्द करायची मुदत संपायच्या थोडं आधी साइट पैसे ओढते. तोवर आपण बुकिंग विसरलेलो असतो. ओटीपी आला नाही, म्हणजे चोरीच, असं तू धरलंस. ते देशातल्या साइटला बहुतांशी लागू आहे. परदेशी साइट ओटीपी न मागताही पैसे घेऊ शकते, कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असले की झालं.

त्या ओळीखालच्या ₹७६४.०५ आणि ₹१३७.५३ या रकमा वेगळ्या चोऱ्या नाहीत. ७६४.०५ ला २१,८३० ने भाग, बरोबर ३.५ टक्के येतात. तो बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचं जादा शुल्क. १३७.५३ हा त्या मार्कअपवरचा १८ टक्के जीएसटी. म्हणजे तिन्ही ओळी एकाच व्यवहाराच्या, एकूण ₹२२,७३१.५८. अनोळखी छोटी रक्कम दिसली की आधी वरच्या मोठ्या रकमेनं भागून बघावं. निम्मी कोडी तिथेच सुटतात. साइटवर किंमत रुपयांत दिसली तरी कंपनी परदेशातली असेल तर बँका वेगळं शुल्क लावतात, म्हणून 'रुपयांत भरले की मार्कअप वाचतो' यावर विसंबू नकोस.

मेलमध्ये शोधताना रुपयांचा आकडा टाकू नकोस, तो सापडणार नाही. स्टेटमेंटच्या त्याच ओळीत डॉलरची रक्कम असते, ती शोध. स्पॅम आणि प्रमोशन्सही बघ. वहिनींच्या आणि चिरंजीवांच्या मेलमध्येही बघायला सांग; ॲड-ऑन कार्डांचे, म्हणजे घरच्यांना दिलेल्या जोडकार्डांचे व्यवहार तुझ्याच स्टेटमेंटवर येतात, शेवटचे चार आकडे तेवढे वेगळे असतात. देशातल्या बुकिंगचा आकडा जुळत नसेल तर कर मिळवून बघ: ₹४,२०० ची खोली, दोन रात्री, ₹८,४००, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ₹८,८२०. एका रात्रीला ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. त्यावरच्या खोलीला १८. साइटची कन्व्हीनियन्स फी आणखी वेगळी. तारीखही एक-दोन दिवस मागेपुढे धर, कारण व्यवहाराची तारीख आणि खात्यात नोंद पडल्याची तारीख एकच नसते.

तुझ्या स्टेटमेंटवर आहे तशी ₹२ ची ओळ कार्ड चालू आहे का हे तपासण्यासाठी असते आणि परत फिरते. पण त्या वेळी घरात कुणीच कुठे कार्ड टाकलं नसेल तर मात्र ती हलक्यात घेऊ नकोस. चोरलेला नंबर चालतो का, हेही असंच रुपया-दोन रुपयांनी बघतात.

लिमिटमधून ₹६,००० कमी दिसतायत आणि स्टेटमेंटवर ओळ नाही, ते तू नाशिकला राहिलास त्या हॉटेलचं होल्ड आहे. चेक-इनला कार्ड स्वाइप करून घेतात ते डिपॉझिटसाठी. पैसे जात नाहीत, फक्त अडकतात. निघताना बिल त्याच कार्डावर केलं तर होल्ड त्यात मिटतं. तू बिल यूपीआयनं दिलंस, म्हणून ते लटकलं. हॉटेलला मेल करून 'होल्ड रिलीज करा' असं सांग. तारीख, रक्कम आणि स्लिपवरचा सहा अक्षरी ऑथरायझेशन कोड लिही. त्यांनी काहीच केलं नाही तरी बँक काही दिवसांनी ते आपोआप सोडते. डेबिट कार्डावर असं होल्ड कधी करू देऊ नकोस, तिथे खात्यातले खरे पैसे अडकतात.

शोधूनही काही जुळलं नाही, तर मग वेळ घालवायचा नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचे नियम घालून दिले. चूक तुझी नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहारात बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंस तर तुझ्यावर शून्य जबाबदारी. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलंस तर ५ लाखांपर्यंतच्या लिमिटच्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त ₹१०,०००, त्यावरच्या लिमिटला ₹२५,०००. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. मोजणी एसएमएस आल्यापासून होते (तो दिवस सोडून), स्टेटमेंट हातात पडल्यापासून नाही. इथेच लोक फसतात. कळवल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत निकाल. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस, आणि तोच मजकूर मेलनंही पाठव. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून ठेव, म्हणजे नेरुळचं पोलीस ठाणं की आणखी कुठलं हा प्रश्न येत नाही. ऑटो-पे लावलेलं असेल तर वादातली रक्कमही त्यात कापली जाईल, म्हणून बँकेशी आधी बोल.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. बेलापूरला रिझर्व्ह बँकेची इमारत दिसते म्हणून अर्ज घेऊन तिथे जाऊन उभा राहू नकोस; टपालानं पाठवलेल्या तक्रारीसुद्धा चंदीगडला जातात. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

पण वहिनींनीच केलेलं बुकिंग 'फ्रॉड' म्हणून नोंदवलंस तर गडबड होईल. बँक साइटला विचारेल, साइट वहिनींचं नाव, मेल, बुकिंगची वेळ पुरवेल, तुझा दावा फेटाळला जाईल आणि बँकॉकची खोली रद्द झाली तर ती वेगळी. हॉटेल वाईट निघालं किंवा रद्द करूनही पैसे आले नाहीत, ही तक्रार वेगळ्या खान्यातली. तिला कार्डावर साधारण १२० दिवसांची मुदत असते. 'रिफंड केलाय' असं साइट म्हणाली तर २३ आकडी एआरएन नंबर (रिफंडचा माग काढायचा क्रमांक) माग आणि तो बँकेला दे, पैसे कुठे अडकलेत ते कळतं. डॉलरचा रिफंड त्या दिवसाच्या भावानं येतो, त्यामुळे थोडा फरक पडेल. मार्कअप परत मिळेलच असं नाही. रद्द करायचं असेल तर मुदत बँकॉकच्या घड्याळानं धर. तिथले रात्रीचे ११.५९ म्हणजे आपले १०.२९.

साइटचा किंवा बँकेचा नंबर गूगलवर शोधून फोन करू नकोस. तिथे खोटे कस्टमर केअर बसलेले असतात आणि पहिल्या मिनिटाला स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतात. कार्डाच्या मागचा नंबरच लाव. हॉटेलच्या नावानं, अगदी बुकिंग ॲपच्या चॅटमध्येसुद्धा, 'कार्ड पुन्हा व्हेरिफाय करा, नाहीतर बुकिंग रद्द' अशी लिंक आली तर दाबू नका. हॉटेलचं खातं हॅक करून असे निरोप पाठवतात. वहिनींनाही हे सांग, दिवाळी जवळ आली की असे निरोप वाढतील.

आज संध्याकाळी फक्त तो डॉलरचा आकडा वहिनींच्या मेलमध्ये शोध आणि सापडेल ते मला पाठव. कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो मात्र पाठवू नकोस. काल पाठवलास तो मी पुसून टाकलाय, तुझ्या फोनमधूनही पूस.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शेखर