पाद्री वेगळा, फिरंगी राजा वेगळा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त जवळ आलं की आपल्या पत्रांच्या सदरात दरवर्षी तोच वाद रंगतो. एकजण लिहितो, मिशनरी आले म्हणून शाळा आल्या, १५५६ साली छापखाना आला. दुसरा विचारतो, मग इन्क्विझिशन, ते चर्चचं धर्मन्यायालय, विसरलात का? यंदाही दोन्हीकडची पत्रं वाचली. दोघांचं म्हणणं खरं आहे. तरी वाद तसूभर पुढं सरकत नाही, कारण धर्म सांगणारा पाद्री आणि हुकूम सोडणारा राजा या दोघांना सगळे एकाच पोत्यात भरतात.

मी फोंडा महालातली. आमचं कुलदैवत मंगेश. कुठ्ठाळीचं देऊळ सोडून देवाला नदीपार कसं आणलं, हे ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, काय केलं ते मला कुणी नव्यानं सांगायला नको. बाप गेलेल्या हिंदू मुलांना अनाथ ठरवून पाद्र्यांच्या हवाली करायचा हुकूम १५५९ चा, दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली ती १५६७ साली. कुंकळ्ळीला १५८३ मध्ये लोकांनी पाच जेझुइट पंथाचे पाद्री मारले आणि पुढं सरकारनं कुंकळ्ळीच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्यानं मारलं. विहिरीत पाव टाकला आणि अख्खा गाव बाटला ही गोष्ट आपण पोरांना सांगतो खरी, पण ती फारच सोपी आहे. जमिनी, वतनं, वारसाहक्क, भीती आणि काहींच्या बाबतीत खरोखरची श्रद्धा, एवढा सगळा गुंता त्या एका पावात कसा मावणार?

सगळं बिल फ्रान्सिस झेवियरच्या नावावर फाडण्याचीही आपल्याला सवय आहे. तो ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन रस्त्यानं फिरे, पोरं आणि गुलाम गोळा करून त्यांना प्रार्थना शिकवी. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर तो दक्षिणेला मोती काढणाऱ्या परव जमातीच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथं प्रार्थना तमिळमध्ये करून घेऊन पाठ केल्या. इन्क्विझिशन हवं असं त्यानं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं, हेही लपवायचं कारण नाही. ते सुरू झालं १५६० साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

मला लिहायचंय ते मात्र फादर थॉमस स्टीफन्सबद्दल. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथंच, बहुतेक काळ साष्टीत, राहिला. बायबलची कथा ओव्यांत सांगणारं त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. देवनागरी खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमी लिपीत छापल्या. जवळपास अकरा हजार ओव्या! ग्रंथाचे भाग दोन: पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, दुसऱ्यात ५९. देव राहतो ते वैकुंठ. आरंभीच एक प्रसंग आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, तुम्ही आमची पूर्वीची पुराणं बंद केलीत, मग त्यांच्यासारखं दुसरं काही आमच्या भाषेत का देत नाही? हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. देऊळ गेलं, पोथी गेली आणि संध्याकाळी ऐकायला काही उरलं नाही, ही पोकळी त्या माणसानं पाद्र्याच्या तोंडावर बोलून दाखवली आणि पाद्र्यानं ती आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. हुकूम काढणाऱ्याला असलं काही ऐकू येत नाही.

आमच्या सासूबाई रोज ज्ञानेश्वरी वाचायच्या. एकदा त्यांच्यापुढं मी ख्रिस्तजन्माच्या ओव्या ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला आणि रोजच्याच चालीवर म्हणायला सुरुवात केली. दोन-चार शब्दांवर अडखळल्या, तेवढंच. मध्येच थांबून म्हणाल्या, ‘गोठ्यात बाळंतीण, आणि शेजारपाजारचं कोणी नाही गो?’

आता राजानं या मेहनतीचं काय केलं तेही पाहा. १६८४ साली व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषांवर पाद्र्यांनी आयुष्य घालवलं, त्यांवरच त्यांच्या आश्रयदात्यानं घाव घातला. छापील प्रती एकूण एक गेल्या. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत आणि मंगळुरूकडच्या ख्रिस्ती घरांत, म्हणजे जिथं पोर्तुगीज राजाचा हुकूम चालत नव्हता तिथं. त्यावरूनच १९०७ मध्ये मंगळुरूला रोमीत आणि १९५६ मध्ये पुण्यात देवनागरीत तो पुन्हा छापला गेला.

याच काळातला आपला बाणावलीचा जोसेफ वाझ पाहा. १६८७ साली तो सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गेला, तेव्हा तिथं डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती. पाठीशी तोफ नाही, राजा नाही. भिकाऱ्याच्या वेषात लपतछपत फिरला, तमिळ आणि सिंहली शिकला, कँडीत हेर समजून तुरुंगात पडला. पुढं तिथं देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली. १७११ मध्ये तिथंच वारला. २०१५ मध्ये पोपनी कोलंबोत त्याला संत म्हणून जाहीर केलं. धर्मप्रचाराचा हिशेब मांडायचा तर वाझकडून सुरुवात का करू नये? सत्ता विरोधात असताना ज्याचं ऐकून लोक आले आणि टिकले, त्याच्या कामाला ‘बाटवाबाटवी’ म्हणून कसं चालेल? आणि सत्तेच्या हुकमानं जे झालं ते ‘प्रेमाचा संदेश’ म्हणून खपवणाऱ्यांनीही वाझकडे एकदा नीट बघावं.

आपल्या दैनिकामार्फत वाचनालयांना एक विनंती. नाताळच्या आठवड्यात एखादी संध्याकाळ ख्रिस्तपुराणाच्या वाचनाला द्यावी. श्रावणात आपण पोथी लावतो, तशीच. चर्चमधल्या गायकमंडळींनाही बोलवावं, चाल त्यांची आणि आमची दोन्ही होऊ देत. आमच्या वाड्यावरच्या बायका वाचायला तयार आहेत. फक्त देवनागरी प्रत मिळवून द्यावी, आणि पानं मोठ्या टायपात काढून दिली तर उपकार होतील. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आमच्यात बऱ्याच आहेत.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, म्हार्दोळ